बंदुकीचा दस्ता आणि सुताराचा हात

(माघ शुद्ध त्रयोदशीस, श्रीविश्वकर्मा जयंतीच्या मेळाव्यात केलेले भाषण)



या मेळाव्यात मी चार शब्द बोलावे अशी आज्ञा कार्यकारी मंडळाकडून झाली, तेव्हा ‘शिक्षण आणि आपला समाज’ हाच विषय मजकडून अपेक्षित असणार, हे मी जाणून होतो. छत्तीस वर्षे शाळामास्तरकी केलेल्या माणसाकडून दुसरे काय अपेक्षावे? परंतु त्या विषयावर प्रतिवर्षी कोणी ना कोणी बोलतच असतो, आणि ती भाषणे ऐकून कोणाचा मुलगा अधिक शिकला असे निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. म्हणून मी आज एका जुन्या शिकारी रायफलीच्या लाकडाविषयी बोलण्याचे योजिले आहे.

विषय ऐकून समोरच्या काही मंडळींच्या कपाळास आठ्या पडलेल्या मला येथून दिसत आहेत. त्यांनी थोडा धीर धरावा. शिकारीचे पोवाडे मी गाणार नाही. आमच्या सांगलीकडच्या माणसाला बंदूक म्हटली म्हणजे शिकारीच्या आधी २४ जुलै १९४३ हा दिवस आठवतो. त्या दिवशी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सोबती सांगलीचा तुरुंग फोडून, पहारेकऱ्यांच्या बंदुका घेऊन बाहेर पडले. परंतु तोही आजचा विषय नव्हे. मला बोलावयाचे आहे ते बंदुकीच्या त्या भागाविषयी, जो आपल्या हातचा आहे आणि ज्याकडे कोणी पाहत नाही.

विश्वकर्म्याच्या पाच पुत्रांची कथा आपण सर्वजण जाणतोच. मनूकडे लोखंड आले, मयाकडे लाकूड आले. बंदूक ही या दोघा भावांची समाईक इस्टेट आहे. नळी, घोडा, चाप हे मनूचे; दस्ता मयाचा. आणि समाईक इस्टेटीत बहुधा जे होते तेच येथेही झाले. एका भावाचे नाव सात-बारावर चढले, दुसरा नुसता राबला.

याचे एक उदाहरण देतो. १९०७ साली कुमाऊँमधील चंपावत येथे जिम कॉर्बेट या शिकाऱ्याने एक नरभक्षक वाघीण मारली. शेकडो माणसांचा बळी तिच्या नावे मांडला गेला होता. त्याबद्दल त्या प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्युएट यांनी त्याला लंडनच्या रिग्बी या कारखान्याची .२७५ बोअरची रायफल भेट दिली. ती आजही जतन केलेली आहे. तिच्या दस्त्यावर चांदीची एक पट्टी बसविली असून, कोणी कोणास कशाबद्दल भेट दिली ते तिच्यावर कोरलेले आहे. लोखंडावर कारखान्याचे नाव आहे. पट्टी ज्या लाकडात बसविली आहे, ते लाकूड कोणी तासले त्याचे नाव मात्र त्या पट्टीवर नाही.

आता दस्ता म्हणजे काय ते थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. येथे बसलेल्या तरुण मंडळींपैकी पुष्कळांनी प्लायवुड आणि सनमायका यांपलीकडे लाकूड हाताळलेले नाही. तो त्यांचा दोष नव्हे.

नळी कितीही उत्तम असो, ती हातात धरून नेम धरता येत नाही. लोखंड आणि माणूस यांच्यामध्ये लाकूड लागते. बार उडाला की जेवढ्या जोराने गोळी पुढे जाते, तेवढाच धक्का मागे येतो. तो धक्का नळीखालच्या एका लोखंडी ठोकळ्यातून लाकडात उतरतो, लाकडातून खांद्यात आणि खांद्यातून अंगात जिरतो. हा ठोकळा लाकडाच्या खोबणीत मागील बाजूने इतका चपखल बसावा लागतो की मध्ये कागदाचा कपटाही जाऊ नये. त्याच्याही मागे, बोल्ट जेथे सरकतो त्या खाली, लोखंडाची एक निमुळती शेपटी लाकडात रुतलेली असते. ठोकळ्याची बैठक बिघडली तर सगळा धक्का त्या शेपटीवर येतो. निमुळते लोखंड लाकडात मागून पुढून ठोकत राहिले तर काय होते, हे सुतारास शिकवावयास नको. ती पाचर होते. दस्ता मनगटाशी, म्हणजे जेथे मूठ वळते त्या बारीक जागी, उभा चिरतो. जुन्या रायफलींच्या दस्त्यांत आढळणाऱ्या चिरांचे हे एक मोठे कारण आहे. मालक मात्र म्हणतात, लाकूड वाईट होते.

लाकडाची निवड हे दुसरे प्रकरण. विलायतेत आणि आपल्या सरकारी कारखान्यांतही दस्त्यासाठी अक्रोडाचे लाकूड पसंत करीत. अक्रोड हलके, चिवट, पावसाळ्या-उन्हाळ्यात फारसे न हलणारे आणि धक्का सोसणारे. एका घनफुटास ते सुमारे ४० पौंड भरते. आपल्याकडचे शिसव त्याच मापात ५० पौंडांच्या वर जाते. साग घरास उत्तम, परंतु दस्त्यास नव्हे. तो रेघेत चटकन फुटतो. लाकूड कोणतेही असो, मनगटाच्या वळणातून रेघ सलग गेली पाहिजे. तेथे रेघ तिरपी तुटली तर दस्ता आज ना उद्या मोडणारच. म्हणून जाणता सुतार फळीवर आधी मनगट आखतो आणि मग बाकीचा दस्ता त्याभोवती बसवितो. बैलगाडीचा जू करताना खांद्याची जागा आधी पाहावी, तसेच हे.

आणि माप? तयार कपडा आणि शिंप्याने मापाने शिवलेला कपडा यांत जे अंतर, तेच येथे. चापापासून दस्त्याच्या मागल्या टोकापर्यंत सामान्यतः १४ इंच अंतर असते. परंतु लांब मानेच्या माणसाला दस्त्याची पाठ अधिक उतरती लागते, रुंद छातीच्या माणसाला दस्ता किंचित बाहेरच्या बाजूस कललेला लागतो. कोपर काटकोनात वाकवून दस्ता कोपराच्या खाचेत धरावा. तर्जनी चापावर सहज पोहोचली म्हणजे लांबी बेताची आहे असे जुने लोक समजत. हे माप काही सर्वस्वी शास्त्रशुद्ध नव्हे, तथापि टेप हाती नसताना ते दगा देत नाही.

हे सर्व मी पुस्तकात वाचून बोलत नाही. आमच्या तीर्थरूपांनी आयुष्यात असा एकच दस्ता केला. त्याची हकीकत सांगण्यासाठीच मी येथे उभा आहे.

आमचे गाव वाळवे तालुक्यातले. आमच्या आजोबांच्या वेळी गावचे नांगर, कुळव, पाभर, गाड्या हे सारे आमच्या घरी होई आणि खळ्यावर बलुते मिळे. १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसविली आणि तेथून लोखंडी नांगर निघू लागले. शेतकऱ्याचे त्यात कल्याण झाले हे मी नाकारीत नाही. लोखंडी नांगर जमिनीत खोल जातो, हे माझ्या आजोबांनीही मान्य केले होते. परंतु लाकडी नांगर गेला तसे त्यामागचे बलुतेही आटत गेले. तीर्थरूपांच्या हाती राहिली ती गाड्यांची चाके, दारे-खिडक्या आणि कोणी सांगेल ते किरकोळ काम.

१९६७ साली पाटणच्या खोऱ्यातील एक मातबर गृहस्थ आमच्या घरी आले. कोयनेकाठच्या रानात त्यांच्या घराण्याची शिकार चाले. त्यांच्याकडे मॉसर पद्धतीची .२७५ बोअरची रायफल होती. जीपमधून पडून तिचा दस्ता मनगटाशी दोन तुकडे झाला होता. मुंबईहून नवा दस्ता करून आणावयाचा तर खर्च फार आणि वेळही फार. त्यांनी तुकडे वडिलांपुढे ठेवले आणि विचारले, ‘‘सुतारदादा, असा होईल का?’’

वडिलांनी ते तुकडे दोन दिवस नुसते समोर ठेवले. मी त्या वेळी आठ वर्षांचा होतो. ते तुकडे जुळवून पाहत, उलटून खोबणी बोटाने चाचपीत आणि पुन्हा ठेवून देत. तिसऱ्या दिवशी माळ्यावरून शिसवाची एक फळी उतरविली. ती त्यांनी बारा वर्षे सावलीत वाळवून ठेवली होती. कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नसावे. अक्रोड आमच्याकडे कोठून असणार?

बाहेरचा आकार करावयास त्यांना आठवडाही लागला नाही. वाकसाने मोठा माल काढला, पुढे रंधा, पुढे कानस आणि काचकागद. वेळ लागला तो आतल्या बैठकीला. त्यासाठी घासलेटची चिमणी पेटवून तिच्या धुरावर लोखंड काळे करीत, ते लाकडाच्या खोबणीत दाबून बसवीत आणि उचलीत. जेथे काजळ उमटे तेथे पटाशीने केसाएवढे तासीत. पुन्हा काजळ, पुन्हा दाबणे, पुन्हा तासणे. असे किती वेळा झाले ते मोजण्याएवढे गणित मला तेव्हा येत नव्हते. आईची काजळाची डबी नव्हे, तर सबंध चिमणीच या कामात काळी झाली. शेवटी खोबणीभर सारखे काजळ उमटू लागले, तेव्हा वडील म्हणाले, ‘‘आता बसली.’’

त्या गृहस्थांना बोलावून कोपराचे माप घेतले, पाठ थोडी उतरविली. रायफल पूर्वीपेक्षा वजनाने भरली, कारण शिसव जड. परंतु जड बंदुकीचा धक्का कमी लागतो, म्हणून त्यांना ते आवडले. जवसाचे तेल तळव्याने चोळून चोळून लाकडास लकाकी आणली होती. काळसर जांभळे लाकूड, त्यातून गेलेल्या रेघा! माझ्या पाहण्यातल्या सुंदर वस्तूंमध्ये मी आजही तिची गणना करतो.

पुढे जे झाले ते थोडक्यात सांगतो. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला होता. बंदूक बाळगण्यास जसा परवाना लागतो, तसाच ती दुरुस्त करण्यासही लागतो, आणि बंदुकीचा भाग हाही कायद्याने शस्त्रातच मोडतो. ही गोष्ट आमच्या वडिलांस ठाऊक नव्हती. ज्यांच्याकडे परवाना होता त्या गृहस्थांस ती ठाऊक असावयास हवी होती. कोणीतरी वर्दी दिली. वडिलांना चौकीवर नेले आणि एक रात्र बसवून ठेवले. त्या गृहस्थांस विचारणा झाली, तेव्हा त्यांनी आपण बंदूक कोणाही सुताराकडे दिली नसल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी गावच्या दोघा-तिघांनी रदबदली केली आणि वडील सुटून आले. खटला झाला नाही. मजुरीही मिळाली नाही.

वडील त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत. गृहस्थांविषयीही कधी वाईट शब्द काढला नाही. त्यांनी केले ते एवढेच की, दस्त्यासाठी मुद्दाम घडवून घेतलेली एक अरुंद, लांब पटाशी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकली. त्यांच्या हयातीत ती खाली आली नाही.

येथे कायद्याविषयी दोन शब्द सांगून मोकळा होतो, कारण अजूनही आपल्यातील काही कारागिरांना कोणी ना कोणी असे काम विचारतात. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे १८७८ च्या इंग्रजी कायद्यानेच बंद केले होते. १९५९ चा कायदा त्याच्या जागी आला. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसास ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली, आणि वाडवडिलांची वारसाने आलेली बंदूकही त्यातच धरली जाते. कोणी ‘‘नुसते लाकूडच तर आहे, घरी घेऊन जा’’ म्हणाला तरी घरी नेऊ नका. परवानाधारक दुरुस्तीवाल्याच्या दुकानात, त्याच्या देखरेखीखाली आणि त्याच्या नोंदवहीत नोंद होऊन काम होत असेल तरच हात लावा. नाहीतर रात्र चौकीवर काढण्याची पाळी येते, आणि आता एका रात्रीवर भागत नाही.

शिकारीचेही तसेच. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य प्राणी आणि पक्षी यांच्या संरक्षणाचा कायदा केला, १९७२ साली देशाचा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांची वाटच बंद झाली. ज्या कोयनेच्या रानात ती रायफल फिरली ते १९८५ मध्ये अभयारण्य झाले आणि पुढे चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले. हे योग्यच झाले असे माझे मत आहे. ज्या रानात सांबर दिसणे मुश्किल झाले होते, त्याला विश्रांती हवीच होती. अर्थात रानडुकरांनी उसाची वाट लावलेला शेतकरी माझ्याशी भांडेल, ते मी समजू शकतो.

तर, अशा रायफलीस आज काम उरलेले नाही. मग ती दुरुस्त तरी का करावी?

२०२२ च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. मी निवृत्तीनंतर वडिलांच्या बाकावर पुन्हा बसू लागलो आहे. मॅट्रिक होईपर्यंत त्यांच्या हाताखाली जे शिकलो होतो ते सुदैवाने हात विसरला नव्हता. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका परवानाधारक दुरुस्तीवाल्याने मला निरोप पाठविला: एक जुनी रायफल आली आहे, लोखंडाचे मी पाहतो, लाकडाचे तुम्ही येऊन पाहा. गेलो. तेथे एक तिशीतील तरुण बसला होता. आजोबांची रायफल वडिलांकडे आणि वडिलांकडून वारसाने त्याच्या परवान्यावर आली होती. निवडणुकांच्या काळात ती इतरांच्या बंदुकांबरोबर ठाण्यात जमा होई. तेथून एकदा परत आली ती दस्त्यास चीर घेऊनच.

रायफल फडक्यातून बाहेर काढली आणि मी तिच्याकडे पाहतच राहिलो. तेच काळसर जांभळे शिसव.

मी काही बोललो नाही. शिसवाचे दस्ते इतरही असतील, उगाच घाई नको, असे मनास सांगितले. दुरुस्तीवाल्याने नळीत काडतूस नाही याची आधी खात्री करून घेतली, मग स्क्रू काढून लोखंड लाकडापासून वेगळे केले. ठोकळ्याच्या खोबणीच्या तळाशी पटाशीच्या टोकाने कोरलेल्या दोन तिरप्या रेघा आणि त्यांना छेदणारी एक आडवी रेघ होती. गाडीचे चाक जुळविताना कोणता आरा कोणत्या खाचेचा, हे ओळखण्यासाठी आमच्या घरी हीच खूण करीत. आजोबांची, वडिलांची आणि माझीही.

त्या तरुणाची इच्छा निराळी होती. बाजारात तयार अक्रोडी दस्ता मिळतो, तो घालून वर वाघाचे तोंड कोरावे, लोखंड बफिंगवर चकचकीत करून घ्यावे आणि रायफल दिवाणखान्यात मिरवावी, असा त्याचा बेत होता. दुरुस्तीवाल्याने बफिंगला साफ नकार दिला. नळीवरचे चाचणीचे शिक्के एकदा घासले गेले म्हणजे त्या बंदुकीची ओळखच पुसली जाते, हे त्याने परोपरीने समजावले. लाकडाविषयी मी म्हणालो, ‘‘दादा, हा दस्ता वाचेल. मोडीत काढू नका.’’ तो म्हणाला, ‘‘गुरुजी, तो चिरला आहे.’’ मी म्हणालो, ‘‘चिरला आहे, मोडलेला नाही.’’

दुसऱ्या दिवसापासून मी रोज एसटीने जाऊन दुकानातच बसून काम करू लागलो. माळ्यावरची पटाशी बरोबर होती.

प्रथम तेल काढावे लागले. बंदूक नळी वर करून उभी ठेवण्याची सर्वांस सवय असते. मालक दर दसऱ्यास लोखंडात भरपूर तेल सोडतात. ते वर्षभर ओघळून दस्त्याच्या डोक्यात मुरते. पन्नास वर्षांत ते लाकूड तेलाने काळे आणि मऊ झाले होते. ठोकळ्याची बैठक त्यामुळेच दबली, आणि शेपटीने पाचरीचे काम केले. म्हणजे चीर ठाण्यात पडली असली, तरी तिची तयारी घरी दसऱ्या-दसऱ्याला होत होती. खडूची बारीक भुकटी स्पिरिटात कालवून तिचा लेप देत गेलो. वाळला की तो पिवळा पडे. झाडून पुन्हा नवा. अकराव्या लेपास खडू पांढराच राहिला, तेव्हा थांबलो.

पूर्वी आपण चिरेत सरस भरला असता. तेलकट शिसवावर सरस धरत नाही. आता दोन नळ्यांतून येणारा इपॉक्सी गोंद मिळतो, त्याबाबत मी जुन्याचा आग्रह धरीत नाही. चीर स्पिरिटाने पुसून, पाचरीने किंचित उघडून गोंद आत पोहोचविला आणि सुती दोरीने गच्च आवळून दोन दिवस ठेवला.

ठोकळ्यामागचे कुजके लाकूड काढल्यावर तेथे नवा तुकडा बसविणे आले, तोही जुन्या शिसवाचा हवा. नवे लाकूड पुढे आटते आणि बैठक पुन्हा सैल पडते. यासाठी मी मिरजेस गेलो. मिरजेच्या सतारमेकर घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. शस्त्रांचा जमाना सरला तेव्हा त्यांच्यातील फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांस हात घातला आणि पुढे मिरजेची सतार व तंबोरा देशभर गेला. २०२४ साली या वाद्यांस भौगोलिक मानांकनही मिळाले. हात तेच राहिले, हातातील वस्तू बदलली. आपल्याला हे का साधले नाही, हा प्रश्न त्या गल्लीत गेलो की मला नेहमी पडतो. आपल्याकडे हात काही कमी नव्हते. असो. तेथील एका कारागिराने खुंट्या करून उरलेल्या जुन्या शिसवाचा एक तुकडा मला दिला, पैसे घेतले नाहीत.

मग चिमणी, काजळ आणि ती पटाशी. माझा हात वडिलांसारखा हलका नाही. दोन ठिकाणी अधिक तासले गेले आणि तुकडा नव्याने करावा लागला. शेपटीच्या मागे मात्र पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट मुद्दाम ठेवली, म्हणजे ती पुन्हा पाचर होणार नाही. ही फट वडिलांनी ठेवली नव्हती. त्यांनी तेथेही अगदी चपखल बसविले होते. आजवर ज्या कामात त्यांची चूक मला दिसली, ते हे एकच. तीही त्यांची नव्हे, कारण समोर ठेवलेला विलायती दस्ताही तसाच असणार.

वरून ठेचा पडलेल्या जागी ओले फडके ठेवून गरम इस्त्री टेकविली. वाफेने दबलेले तंतू वर आले. काचकागद फार चालविला नाही. लोखंडाच्या कडेशी लाकूड किंचित उंच राहिले पाहिजे, घासून सपाट केले की दस्ता कायमचा खुजा दिसतो. शिसवात स्वतःचेच तेल असल्याने जवसाचे तेल फार हळू वाळते. अगदी पातळ हात देऊन, प्रत्येक हात पुरता वाळू देऊन, सव्वा महिना घेतला.

शेवटी दस्त्याच्या मागची पट्टी बसविण्यापूर्वी तिच्याखालच्या लाकडावर मी पेन्सिलीने दोन साले लिहिली: १९६७ आणि २०२२. नाव लिहिले नाही. वडिलांनी लिहिले नव्हते, मग मी कसे लिहावे?

तो तरुण रायफल न्यावयास आला तेव्हा पट्टी अजून उघडीच होती. त्याने ती साले वाचली. म्हणाला, ‘‘गुरुजी, १९६७ तुम्हांस कोठून कळले? हा दस्ता आमच्या आजोबांनी मुंबईच्या इंग्रजी दुकानातून करवून आणला, असे घरी सांगतात.’’

मी त्याला खोबणीतली खूण दाखविली, आणि पटाशीही दाखविली. जे आपणांस आता सांगितले ते सर्व, चौकीवरच्या रात्रीसह, त्यालाही सांगितले. आवाज चढविला नाही. तो मुलगा त्या वेळी जन्मलाही नव्हता. तो बराच वेळ दस्त्यावरून हात फिरवीत बसला. मग त्याने मजुरी विचारली. मी २०२२ च्या कामाची सांगितली. त्याने ती दिली, आणि आणखी काही देऊ लागला, ते मी घेतले नाही. ते घेण्याचा अधिकार माझा नव्हता.

जाताना तो म्हणाला, ‘‘माझी आत्या हयात आहे. १९६७ साली ती घरात होती. मी तिला विचारतो.’’

मी त्यास रायफल नळी खाली करून ठेवण्यास सांगितले, आणि तेल एका थेंबाहून अधिक घालू नये हेही बजावले. आत्याबाईंचे उत्तर मला अद्याप कळलेले नाही.